श्रीवत्सचा चौकोन

शेषगिरींना पूर्वजांची नावं विचारली, की मग घड्याळाकडे बघायचं नाही. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढलेला हा माणूस स्वतःचा मोबाइल नंबर खिशातल्या चिठ्ठीवर बघून सांगायचा. पण पितृपक्षात तर्पणाला बसला, की बाप, आजा, पणजा, त्यांच्या बायका, आईकडचे तिघे, चुलते, आत्या, सासरे, सगळे गोत्रासकट घडाघडा. म्हैसूरच्या अख्ख्या अग्रहारात आपल्याइतकी लांब यादी कुणाची नाही असं त्यांचं मत होतं. ते खोडून काढायच्या भानगडीत कुणी पडलेलं नव्हतं.

तेव्हा दवाखान्यात आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या भव्या नावाच्या मुलीनं कोरा कागद पुढे ओढला आणि "घरातल्या तीन पिढ्या सांगा" म्हणाली, तसे शेषगिरी खुर्चीत पुढे सरकून बसले. खरं म्हणजे प्रश्न त्यांना नव्हता, त्यांच्या सुनेला होता. वर्षिणीला अकरावा आठवडा लागला होता. पोटातल्या बाळाच्या कोणत्या तपासण्या करायच्या आणि कोणत्या नाहीत, हे समजून घ्यायला ती नवऱ्याला, संकर्षणला घेऊन आली होती. घरातल्या मोठ्यांना आणलंत तर बरं, असं भव्यानंच फोनवर सांगितलं होतं, म्हणून शेषगिरी आणि त्यांची बायको तुळसी बरोबर आले होते.

भव्या पुरुषाला चौकोन काढत होती आणि बाईला गोल. "नात्यातलं लग्न आहे?" तिनं विचारलं.

"हो. ह्या माझ्या सख्ख्या आत्या," वर्षिणी तुळसीकडे बघत हसली.

भव्यानं संकर्षणचा चौकोन आणि वर्षिणीचा गोल यांच्यामध्ये एका रेघेऐवजी दोन रेघा ओढल्या. आत्यानं भाचीला सून करून आणणं त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. तुळसी आणि शेषगिरी हेसुद्धा लांबच्या नात्यातलेच, म्हणून तिथंही दोन रेघा आल्या. मग शेषगिरींनी यादी सुरू केली आणि भव्याला कागद उलटा करून पाठीमागे लिहावं लागलं.

"आणि लहानपणी कुणी गेलंय का? तान्हं मूल?"

"छे. गेले तेवढे सगळे सांगितले की," शेषगिरी म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते, आणि तुळसीला नेमकं तेच सहन होईना. त्यांच्या यादीत तान्हं मूल खरंच नव्हतं. मुंज न झालेल्या पोराचं श्राद्ध नसतं, त्याच्या नावानं पाणी सोडत नाहीत. दोन वर्षांच्या आतलं असलं तर जाळतही नाहीत, पुरतात. चौतीस वर्षांपूर्वी तुळसीचा पहिला मुलगा अकरा महिन्यांचा होऊन गेला. त्याला पुरला. तेव्हापासून पाणी मिळणाऱ्यांत तो नव्हता, म्हणून गेलेल्यांतही नव्हता.

श्रीवत्स त्याचं नाव. सासूनं तेव्हाच बजावलं होतं, गेलेल्याचं नाव काढायचं नाही, पुढच्याला लागतं. तीन वर्षांनी संकर्षण झाला, चांगला धडधाकट, आणि मग नाव न काढण्याची सवयच होऊन गेली. आपल्या आधी कुणी होता हे संकर्षणला माहीत नव्हतं. तुळसीचा धाकटा भाऊ पांडुरंगराव, म्हणजे वर्षिणीचे वडील, त्या वेळी शिकायला धारवाडला. 'ताईचं पोर तापानं गेलं' एवढंच त्यांच्या कानावर आलेलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं ती मुलगी पणज्या-खापरपणज्यांपर्यंत जाऊन शोधत होती, आणि जिच्यापाशी उत्तर होतं ती मांडीवर पिशवी घेऊन समोरच बसली होती. तुळसी बोलली नाही. कारण साधं होतं आणि लाजिरवाणं होतं. श्रीवत्सला बंगळूरला दाखवलं होतं तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले होते, हे तुम्हा दोघांच्या रक्तातून आलंय, पुढे जपून राहा. तरी वर्षिणी चोवीसची झाल्यावर तुळसी स्वतः भावाच्या दारी नारळ घेऊन गेली होती. संकर्षण ठणठणीत निघाला, म्हणजे ते आपल्या घरातून गेलं, अशी तिनं समजूत करून घेतली होती. समजूत करून घ्यायची म्हटली की माणूस कशावरही करून घेतो.

पहिली तपासणी वर्षिणीच्या दंडातून रक्त काढून झाली, आणि दहा दिवसांत निकाल आला की काळजीचं काही नाही. भव्यानं समजावून सांगितलं होतं, की या रक्तात नेहमीचे चार-दोन दोष कळतात, सगळे नाहीत. याच्या पुढची तपासणी म्हणजे पोटातून सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढायचं. त्यात मूल पडण्याचा धोका थोडा का होईना असतो. घरात तसं काही असेल तर ती करावी, नसेल तर उगीच नको.

वर्षिणी शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं वाचलं, विचारलं, वहीत दोन रकाने करून लिहून काढलं, आणि आठ दिवसांनी जेवताना सांगितलं, "ठरलं माझं. सुई नको. घरात काही नाही, मग एनु, काय म्हणून बाळाला त्रास द्यायचा?"

"बरं झालं," तुळसी म्हणाली आणि तिला सार वाढलं.

म्हणजे पोरीनं आपल्या परीनं सगळं चोख केलं होतं. आत्यानं मात्र ताकास तूर लागू दिली नव्हती. त्या दिवसापासून तुळसीचं अन्नावरचं मन उडालं. वर्षिणी सकाळी गुणगुणत वेणी घालायला लागली, की ही उठून मागीलदारी जायची. सांगावं तर पोरगी आयुष्यभर तोंड बघणार नाही; न सांगावं तर ते सहा महिन्यांनी पाळण्यात दिसणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि मारणारीही तीच.

सतराव्या आठवड्यात एका दुपारी दोघी अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. डिसेंबरात म्हैसूरला घरोघरी हेच चालतं. शेंगांचा तेलकट वास बोटांना दोन दोन दिवस राहतो. वर्षिणी एकदम थांबली.

"आत्या, हललं! नोडु, इथं हात ठेव. सगळे म्हणतील सुम्ने, उगीच, गॅस आहे. पण नाही गं, हललं!"

तुळसीनं हात ठेवला. हाताला काही लागलं नाही. इतक्या लवकर बाहेरून लागत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं, तरी तिनं हात काढला नाही. श्रीवत्स पोटात फारसा हललाच नव्हता. सासू कौतुकानं म्हणायची, शांत मूल आहे, पुण्यवान आहे.

"वर्षिणी," ती म्हणाली, "तुला एक सांगायचंय. केव्हाच सांगायला हवं होतं."

आणि तिनं सांगितलं. पाच महिन्यांचा झाला तरी त्यानं मान धरली नाही. पाय टाकलेले असायचे तसेच पडून राहायचे. रडणं मांजराच्या पिल्लाएवढं. दूध ओढताना दमायचा, आणि ते तोंडाच्या कडेनं परत यायचं. डोळे मात्र इतके हुशार, की खोलीत कोण आलं, कोण गेलं, सगळं टिपायचा. शेवटी श्वास घेताना पोट वर यायचं आणि छाती आत जायची. बंगळूरचे डॉक्टर काय म्हणाले तेही तिनं सांगितलं, आणि नारळ घेऊन भावाकडे गेले तेव्हा मला हे माहीत होतं, हेही सांगितलं. तेवढं गाळता आलं असतं. पण आता अर्धवट बोलण्यात अर्थ नव्हता.

वर्षिणीनं हातातली शेंग खाली ठेवली.

"भव्या विचारत होती तेव्हा तू माझ्या शेजारी बसली होतीस."

"हो."

"मी सुई नको म्हटलं, तर तू बरं झालं म्हणालीस."

"हो गं."

"मी वही घेऊन बसले होते, आत्या. आठ दिवस. तू मला रोज कॉफी आणून देत होतीस." वर्षिणी उठली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तुळसीनं उरलेल्या शेंगा सोलल्या, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

संध्याकाळी घरात जे व्हायचं ते झालं. शेषगिरी आधी भडकले. "त्याचं नाव आत्ता कशाला काढलंस? मी काय लपवलं? यादीत कुठं घालू त्याला? मुंज झाली होती त्याची?" एवढं बोलले आणि त्यांचाच आवाज फुटला. मग ते ओसरीवर जाऊन बसले आणि जेवायला आत आले नाहीत. संकर्षण बेळगोळच्या कारखान्यातून आला, सगळं ऐकून घेतलं आणि आईला एकच विचारलं, "दिसायला कसा होता?"

"तुझ्यासारखा," तुळसी म्हणाली. मग दोन दिवस तो आईशी बोलला नाही.

वर्षिणी मात्र दुसऱ्याच दिवशी बोलली. "चल. तिला तुझ्या तोंडानं सांग." दोघी रिक्षानं गेल्या.

भव्यानं जुना कागद काढला. ती रागावली नाही, नवल म्हणून भुवईसुद्धा उडवली नाही. असं ऐकायची तिला सवय असावी. संकर्षणच्या चौकोनाशेजारी तिनं एक लहान चौकोन काढला आणि त्यावरून तिरकी रेघ मारली. गेलेल्या माणसाची ती खूण.

"नाव होतं?"

"श्रीवत्स," तुळसी म्हणाली. चौतीस वर्षांत परक्या माणसासमोर पहिल्यांदा. भव्यानं चौकोनाखाली ते इंग्रजीत लिहिलं, आणि तुळसी त्या अक्षरांकडे बघत राहिली. जन्माचा दाखला सासूनं फाडला होता. फोटो कधी काढलाच नव्हता, मान धरू दे मग काढू म्हणून. पोराचं कागदावर म्हणून जे काही होतं ते एवढंच, दवाखान्याच्या फायलीत.

पुढचं भराभर झालं, कारण हातात दिवस थोडे होते. दोघांचं रक्त गेलं. निकाल आला तो असा, की तो दोष संकर्षणमध्येही आहे आणि वर्षिणीमध्येही. दोघांत लपून बसलेला, दोघांना त्रास नाही. पण बाळाला दोघांकडूनही मिळाला तर बाळ श्रीवत्ससारखं. चारात एक, भव्या म्हणाली. सुई घेतली तर दोन आठवड्यांत कळेल. आता या आजारावर औषधं निघाली आहेत. पण ती मिळवायला लोकांना वर्गण्या काढाव्या लागतात, आणि मिळाली तरी मूल पुरतं बरं होईल असं कुणी छातीवर हात ठेवून सांगत नाही.

"तुम्ही माझ्या जागी असता तर?" वर्षिणीनं विचारलं.

"मी तुमच्या जागी नाही," भव्या हळूच म्हणाली. "ठरवायचं तुम्हीच."

हेच वाक्य मग सगळ्यांनी उचललं. संकर्षण म्हणाला, तू म्हणशील ते. पांडुरंगराव फोनवर आधी बहिणीवर तोंडसुख घेऊन झाल्यावर मुलीला म्हणाले, तुझं मन काय सांगतं ते कर. शेषगिरी म्हणाले, आम्ही कोण सांगणार. सगळ्यांनी मिळून पोरीच्या डोक्यावर इतकं स्वातंत्र्य ठेवलं, की तिची मान अवघडली. पाच दिवस ती शाळेत गेली, आली, जेवली, झोपली, आणि वहीला हात लावला नाही.

सहाव्या दिवशी सकाळी तुळसी मागीलदारी कपडे वाळत घालत होती, तिथं वर्षिणी आली. शेंगांच्या त्या दुपारनंतर कामापुरतं सोडून ती आत्याशी बोलली नव्हती. ती दगडी पायरीवर बसली.

"आता मला रोज कळतं हललेलं," ती म्हणाली.

तुळसी ओला टॉवेल हातात घेऊन उभी राहिली.

"सुई घ्यायची आणि ते निघालं, तर पुढचं मला करावं लागेल. करणारच नसेन, तर सुई कशाला घ्यायची? तिथंच मी अडकलेय. मला एक विचारायचंय तुला. तुलाच विचारता येतं, दुसऱ्या कुणाला नाही."

"विचार."

"तुला आधी कळलं असतं तर? श्रीवत्सचं?"

तुळसीला प्रश्न येणार हे ठाऊक होतं. पाच दिवस ती त्याच्याच वाटेकडे बघत होती, आणि उत्तरही तयार ठेवलं होतं. "तुझं तू ठरव, बाळ. माझं सोड, ते दिवस वेगळे..."

"अय्यो, आत्या! तू तरी तेच म्हणू नकोस!" वर्षिणी ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "एकदा गप्प बसलीस तू. आता परत बसणार का?"

मग तुळसीनं खरंच विचार केला. इतकी वर्षं हा प्रश्न तिनं स्वतःला कधी विचारला नव्हता, कारण विचारायची सोयच नव्हती. श्रीवत्स खिडकीतल्या कावळ्याकडे बघून हसायचा. मोठ्यानं हसण्याचं बळ नव्हतं, नुसते ओठ आणि डोळे. तिचा पदर नाकाशी नेला की लगेच शांत व्हायचा, वासानं ओळखायचा. त्या अकरा महिन्यांतला एक दिवस परत मिळाला असता, तर तिनं हातातल्या बांगड्या, हे घर, काय वाटेल ते दिलं असतं. हे खरं होतं. आणि शेवटचे दोन महिने, तेही खरं होतं. तो प्रत्येक श्वास ओढून ओढून घ्यायचा, आणि तिच्याकडे बघायचा, आईला काहीतरी करता येईल म्हणून. तिला काही करता येत नव्हतं. शेवटच्या सकाळी ती देवापुढे बसून म्हणाली होती, पुरे कर आता, थांबव. आणि त्यानं दुपारी थांबवलं होतं. हे तिनं शेषगिरींनाही सांगितलेलं नव्हतं.

"नसता येऊ दिला," तुळसी म्हणाली. "आधी कळलं असतं तर नसता येऊ दिला मी त्याला."

शब्द तोंडातून गेले, आणि तिला वाटलं, आपण त्याला परत एकदा पुरला. पहिल्या वेळी बायकांना तिथं नेलं नव्हतं, पुरुषच गेले होते. या वेळी तिनं स्वतःच्या हातानं माती लोटली. टॉवेल तिच्या हातातून खाली पडला, तो वर्षिणीनं उचलला, पिळला आणि दोरीवर टाकला. मग ती आत गेली आणि भव्याला फोन लावला.

सुई झाली. दोन दिवस वर्षिणी पडून राहिली, तुळसी तिच्या उशाशी. मग वाट बघणं सुरू झालं. त्या दोन आठवड्यांत अख्ख्या घराचा जीव टांगणीला लागला होता. शेषगिरी रोज अनवाणी देवळात जाऊन यायचे. संकर्षणनं कारखान्यातून रजा घेतली आणि घरी बसून काहीच केलं नाही. तुळसीनं या वेळी देवाकडे काहीच मागितलं नाही. मागच्या वेळी त्यानं ऐकलं होतं, म्हणून तिला त्याची भीती वाटत होती.

निकाल शुक्रवारी आला. बाळाला दोष मिळाला होता तो एकाच बाजूनं. आईबापांसारखाच, आत लपलेला. आजार नाही. भव्यानं तेच तीनदा सांगितलं, आणि संकर्षण रडत रडत चौथ्यांदा विचारत होता.

घरात आनंद मावेना. शेषगिरी स्वतः जाऊन चिरोटे घेऊन आले आणि शेजारीपाजारी काही न सांगता नुसतेच वाटून आले. पांडुरंगरावांनी फोनवर बहिणीची माफी मागितली. वर्षिणीनं किती दिवसांनी तुळसीच्या गळ्यात हात टाकला.

"तू खरं बोललीस म्हणून मला धीर झाला, आत्या. नाहीतर सुई घेतलीच नसती मी. चार महिने झुरत बसले असते."

"हो. बरं झालं," तुळसी म्हणाली. आणि बरंच झालं होतं. बाळ नीट होतं, पोरगी हसत होती, याहून जास्त काय हवं. पण तिला त्या हसण्यात जाऊन बसता येईना. सुईत काहीच निघालं नाही. तिच्या उत्तराचा पुढे उपयोगच करावा लागला नाही. तरी उत्तर होतंच. ते परत घेता येत नव्हतं, आणि ज्याची माफी मागायची तो माफी ऐकायला नव्हता.

"आम्ही दोघांनी ठरवलंय," वर्षिणी संकर्षणकडे बघत म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "मुलगा झाला तर नाव श्रीवत्स ठेवायचं."

"वा! उत्तम!" शेषगिरी म्हणाले, आणि डोळे पुसायला त्यांनी उपरणं शोधलं. "नाव परत घरात येईल. मुंज थाटात करू त्याची."

सगळे तुळसीकडे बघत होते. तिला खूश करायलाच त्यांनी हे ठरवलं होतं, हे तिला कळत होतं.

"नको," ती म्हणाली.

"का गं आत्या?"

"मी त्याला नको म्हटलंय, वर्षिणी. तुझ्यासमोर म्हटलंय. नाव तरी त्याच्याकडे राहू दे."